पीटीचा तास कुणाचा?

दिवाळीची सुट्टी संपली की माध्यमिक शाळांच्या वेळापत्रकात एक बदल गुपचूप होतो. कागदावर तो दिसत नाही. भिंतीवरच्या तक्त्यात नववी ‘ब’च्या बुधवारच्या सातव्या तासिकेपुढे ‘शा. शि.’ असंच लिहिलेलं असतं, पण वर्गात फळ्यावर त्रिकोणमितीची उदाहरणं चाललेली असतात. चित्रकलेच्या तासाला विज्ञानाची प्रयोगवही पूर्ण होते, कार्यानुभवाचा तास इंग्रजीच्या व्याकरणाला जातो. कुणी कुणाचा तास हिसकावून घेत नाही. तो मागितला जातो आणि दिलाही जातो, कारण मागणाऱ्याचं काम खरं आणि देणाऱ्याचं काम जादाचं, अशी शाळेत सगळ्यांचीच समजूत असते. ही समजूत चुकीची आहे आणि तिचा सगळ्यांत मोठा फटका अभ्यासात मागे पडलेल्या मुलालाच बसतो, असं माझं ठाम मत आहे. पण तास मागणाऱ्याची बाजू लेचीपेची नाही. ती पूर्ण ताकदीनिशी ऐकल्याशिवाय माझ्या मतालाही अर्थ राहणार नाही. म्हणून हा वाद दोघांच्या तोंडी दिला आहे. एक गणिताचे सर, दुसऱ्या मराठीच्या बाई. दोघंही कल्पित आहेत; त्यांचे मुद्दे मात्र राज्यातल्या कुठल्याही शिक्षकखोलीत ऐकू येतील असे आहेत.

सर : बाई, मी तुमच्या नाटकाच्या तालमीचा तास मागतो तो नाटकाच्या रागापोटी नव्हे. नववीत आलेल्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज येत नसेल तर मी बहुपदी कशाच्या पायावर उभी करू? आणि हे काही एका शाळेचं दुखणं नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता आला. हीच मुलं चार वर्षांनी माझ्यासमोर बसतात. अशा मुलाच्या हातात लेझीम देणं म्हणजे उपाशी माणसाच्या अंगाला अत्तर लावणं. ज्याच्या घरी पैसा आहे तो संध्याकाळी क्लासला जातो, त्याचं गणित तिथे पक्कं होतं. ज्याला क्लास परवडत नाही त्याचं गणित झालं तर माझ्याच तासाला होणार. त्याचा शाळेतला एकेक तास मला मोलाचा वाटला तर माझं काय चुकलं? शिवाय या उपक्रमांच्या फायद्याच्या ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्या तपासायला गेलं की विरघळतात. बुद्धिबळ खेळलं की गणित सुधारतं, असं किती वर्षं ऐकतोय. इंग्लंडमध्ये १०० प्राथमिक शाळा घेऊन हे नीट तपासलं गेलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या शाळांतल्या मुलांना शाळेच्याच वेळेत बुद्धिबळ शिकवलं आणि शिकवणं संपल्यावर वर्षभराने गणिताची परीक्षा घेतली. २०१६ मध्ये निकाल आला. शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांच्या गणितात काही फरक नव्हता.

बाई : तो निकाल मला मान्य आहे, सर. आणखीही एक सांगते, तोही तुमच्याच बाजूचा वाटेल. टोरंटोमध्ये १४४ लहान मुलांवर एक प्रयोग झाला. सगळी सहा वर्षांची. काहींना कीबोर्ड, काहींना गाणं, काहींना नाटक शिकवलं, काहींना काहीच नाही. ३६ आठवडे हे चाललं. २००४ मध्ये ते प्रसिद्ध झालं तेव्हा बातम्या झाल्या त्या संगीताने बुद्ध्यांक वाढतो अशा. प्रत्यक्षात शाळेत जायला लागल्यामुळे सगळ्याच मुलांचा बुद्ध्यांक वाढला होता, संगीतवाल्यांचा इतरांपेक्षा जेमतेम तीनेक गुणांनी जास्त. नाटकवाल्यांचा तर इतरांहून जास्त वाढलाच नाही. आम्ही कलेची बाजू घेणारे लोक गणिताच्या, बुद्ध्यांकाच्या, टक्क्यांच्या नावाने जोगवा मागत फिरतो तेव्हा आम्हीच आमची बाजू कमजोर करतो. पण त्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, तिची बातमी कुणी केली नाही. नाटक शिकलेल्या मुलांचं दुसऱ्यांशी वागणं सुधारलं होतं, आणि ते संगीताच्या गटात दिसलं नाही. म्हणजे ज्या कामात जे करावं लागतं तेच मुलाला येतं. नाटकात दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं, मग तेच अंगवळणी पडतं. बुद्धिबळातून बुद्धिबळ येतं. लेझमीतून गणित येईल अशी अपेक्षा मी सोडून दिली आहे. तुम्हीही ती अपुरी राहिल्याचा ठपका लेझमीवर ठेवू नका.

बाईंनी इथे जी माघार घेतली ती मला फार महत्त्वाची वाटते. शाळेच्या माहितीपत्रकात सर्वांगीण विकास, नेतृत्वगुण, एकाग्रता, आत्मविश्वास असे शब्द एका ओळीत बसवलेले असतात. त्यांतला कुठला गुण कुठल्या कृतीतून कसा येतो हे कुणी सांगत नाही, आणि म्हणून गणिताचा शिक्षक तास मागतो तेव्हा त्या शब्दांना उत्तर देता येत नाही. उत्तर द्यायचं तर कृतीच्या जवळ जाऊन पाहायला हवं.

खो-खो घेऊ. आठ जण एकाआड एक उलट तोंडं करून पाटीवर बसलेले, नववा पाठलाग करतोय. समोरच्या संघाचे तिघं आत पळताहेत. त्यांना कुठूनही कसंही, दोन बसलेल्यांच्या मधूनही जायची मुभा आहे. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पट्टी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागे फिरता येत नाही. पळणारा त्याच्या डोळ्यांदेखत पलीकडे निसटतो. आता त्याला करता येण्यासारखी एकच गोष्ट उरते : आपला पाठलाग सोडायचा, योग्य तोंडाने बसलेल्या गड्याच्या पाठीमागे जायचं, मोठ्याने ‘खो’ द्यायचा आणि त्याच्या जागी बसायचं. गडी बाद करायचं श्रेय दुसऱ्याला जाणार, हे ठाऊक असून. आणि जो बसलाय त्याचं काम याहून अवघड. पळणारा हाताच्या अंतरावरून जातोय, पायाचे स्नायू ताणलेत, पण पाठीमागून खो आल्याखेरीज उठलं तर फाउल. बारा-तेरा वर्षांचं पोर एका डावात हा संयम कितीदा पाळतं हे मोजायला हवं. वर्गात ‘उत्तर येत असलं तरी हात वर करून थांब’ हे शिकवायला आपल्याला वर्ष पुरत नाही. इथे ते कुणी सांगत नाही. चुकलं की संघाचं नुकसान होतं आणि उरलेल्या आठ जणांच्या नजरा सगळं सांगून जातात. वर्गात गणित चुकलं तर नुकसान ज्याचं त्याचं. इथे एकाच्या चुकीची झळ सगळ्यांना लागते, म्हणून त्या एकाची किंमतही सगळ्यांना कळते.

सर : खो-खो मी खेळलोय, बाई, त्याची गोडी मला ठाऊक आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, आपले दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्हींचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, याचा मलाही अभिमान आहे. पण असे किती? एका प्रियांकाकडे बोट दाखवून हजारो मुलींना मैदानावर पाठवायचं आणि बारावीनंतर त्यांच्या हाती ना पदक ना टक्के, ही फसवणूक होईल. दुसरं, उपक्रमांतली मुलं पुढे चांगली निघतात हे मी मानतो, पण ती आधीच चांगली असतात. ज्या घरात जेवणाची वेळ ठरलेली, आई-वडील शाळेच्या सभेला येतात, त्याच घरातलं पोर वक्तृत्वालाही उभं राहतं आणि स्काउटलाही जातं. पाऊस पडला म्हणून छत्र्या उघडल्या की छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला, एवढं तरी आपण पाहायला नको का?

बाई : पाहायलाच हवं. विजेत्यांचा मुद्दा मी लगेच सोडते. शाळेत मराठी शिकवतो ते सगळे कवी व्हावेत म्हणून नाही, आणि तुमच्या गणिताच्या तासातूनही गणिती किती निघाले हे आपण मोजत नाही. छत्रीचा मुद्दा मात्र खरा आहे. या विषयावरची बहुतेक पाहणी नुसतं निरीक्षण करून झालेली आहे, त्यामुळे तिच्यातून कारण सिद्ध होत नाही. तरी एक पाहणी मला वारंवार आठवते, कारण ती तुमच्या शंकेच्या अगदी उलट टोकाला जाते. अमेरिकेत जोसेफ महोनी आणि रॉबर्ट केर्न्स यांनी सातवीतली ३९२ मुलं-मुली धरली आणि ती बारावीपर्यंत पाहिली. शाळा कोण सोडतं हा त्यांचा प्रश्न. १९९७ मध्ये त्यांनी लिहिलं ते असं की, शाळेच्या उपक्रमांत असलेल्या मुलांची गळती कमी होती आणि हा फरक सगळ्यांत ठळक दिसला तो अभ्यासात मागे, वागण्यात अडचणीच्या, म्हणजे शाळा सोडण्याची ज्यांची शक्यता आधीच जास्त होती अशा मुलांमध्ये. तुमचं म्हणणं पूर्ण खरं असतं, फक्त चांगल्या घरची मुलं उपक्रमात जातात म्हणून सगळं चांगलं दिसत असतं, तर फरक वरच्या मुलांत दिसायला हवा होता. तो खालच्या मुलांत दिसला. हुशार मुलाला शाळेत यायला दहा कारणं असतात. ज्याचं नाव वर्गात फक्त ‘वही कुठाय?’ विचारायला घेतलं जातं, त्याला शाळेत यायला एखादं तरी कारण हवं की नाही?

यावर सरांकडे तयार उत्तर नाही, आणि ते शोधायचा मी प्रयत्नही करणार नाही. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याचं छत्र आठवीपर्यंतच आहे. गळती वाढते ती त्यानंतर. नववीत नापास होऊन घरी बसलेला मुलगा, ऊसतोडीच्या हंगामात आई-बापाबरोबर गेलेला आणि परत आल्यावर वर्गात काय चाललंय ते न कळणारा मुलगा, यांना गणिताचा जादा तास हवा हे सरांचं म्हणणं बरोबरच आहे. पण जादा तास घ्यायला तो मुलगा शाळेत असावा लागतो. वर्गात आपण सगळ्यांच्या मागे आहोत हे ज्याला दिवसाच्या आठपैकी आठही तासिकांना सांगितलं जातं, तो नववी तासिका घ्यायला थांबत नाही. त्याचा ढोलाचा ठेका पक्का असेल, त्याला पडद्याची दोरी बिनचूक वेळी ओढता येत असेल आणि त्याच्याशिवाय प्रयोग अडत असेल, तर दुसऱ्या दिवशी तो आला नाही म्हणून चौकशी होते. गैरहजेरीची नोंद हजेरीपटावरही होते, पण चौकशी वेगळी. शाळेतल्या उपक्रमाचा पहिला फायदा माझ्या लेखी हा आहे, की कुणाला तरी आपली गरज आहे हे मुलाला कळतं. बाकीचे फायदे याच्या मागून येतात.

सर : आणि या चौकशीसाठी आपण डिसेंबर-जानेवारीचे सहा आठवडे देतो! बाई, स्नेहसंमेलनाचा हिशेब एकदा मांडा. त्याच बारा मुली तीनही नाचांत, तेच चार मुलगे सूत्रसंचालन, नाटक आणि बक्षीस घ्यायलाही. उरलेली चारशे मुलं मांडवात बसून टाळ्या वाजवतात. भाड्याच्या पोशाखाचे पैसे पालकांकडून, गाणी चित्रपटातली, नाच बाहेरून बोलावलेल्या माणसाने बसवलेला. ज्या मुलीच्या आईने पोशाखाचे पैसे दिले नाहीत ती मागच्या रांगेत. हा तुमचा ‘कुणाला तरी माझी गरज आहे’?

बाई : नाही. यातला शब्दन्‌शब्द मला मान्य आहे.

मलाही मान्य आहे, आणि यावर थोडं थांबायला हवं, कारण उपक्रमांची बाजू घेणारे नेमके इथे डोळे झाकतात. पाहुण्यांना दाखवायचा कार्यक्रम आणि मुलांनी करायचं काम या दोन गोष्टी एका नावाखाली चालतात. दाखवायचा म्हटलं की चांगलं करणारीच मुलं पुढे येणार, चुका चालणार नाहीत, आणि चुका चालणार नाहीत म्हटल्यावर शिकायचं असणाऱ्याला जागा उरत नाही. उलट दहा मिनिटांची एक नाटुकली चाळीस मुलांच्या वर्गात बसवून पाहा. बोलणारी आठ. संहिता हातात धरून विंगेत उभी राहणारी एक, तिला सगळ्यांची सगळी वाक्यं आणि प्रत्येकाची अडखळायची जागा माहीत. पुठ्ठ्याचा वाडा करणारे सहा, त्यांना दाराची उंची सर्वांत उंच नटाच्या मापाने काढावी लागते, आणि इथे सरांचं गुणोत्तर न बोलावता हजर होतं. मोगरीवर डाव्या हाताने टकटक करून घोड्याच्या टापा काढणारा एक. खुर्ची नेमकी अंधारात आत नेणारे दोघं. संहिता दोनदा लिहून काढणारे, कारण पहिली बोलताना जड वाटली. भाषेच्या बाजूने पाहिलं तर वर्गातल्या नाट्यीकरणाने मुलांची वाचलेलं समजण्याची आणि तोंडी मांडण्याची ताकद वाढते, असं ॲन पॉडलोझ्नी यांनी २००० मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवलं होतं. कलेचा अभ्यासाला फायदा होतो का, हे तपासणाऱ्या एका मोठ्या मोहिमेचा तो भाग होता, आणि तिच्यात इतर बहुतेक दावे टिकले नाहीत. हा टिकलेल्या थोड्यांपैकी एक. म्हणजे ज्याला दुसरीचा मजकूर वाचता येत नाही त्या मुलासाठी सर ज्याला अत्तर म्हणाले, त्यातलं निदान नाटक तरी भाकरीच्या जवळ जातं. आणि या नाटुकलीला मांडव लागत नाही, पोशाख लागत नाही, पाहुणे लागत नाहीत. प्रेक्षक म्हणून शेजारची तुकडी पुरे.

सर : मग गुण कशाला हवेत त्याला? दहावीला चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे, शास्त्रीय नृत्य-गायनाचे, लोककलेचे, खेळाचे वाढीव गुण मिळायला लागले आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटला गर्दी झाली. मी मुलांच्या वह्या पाहिल्यात. स्मरणचित्र म्हणून एकच बाजाराचं चित्र पाठ केलेलं, तीच टोपलीवाली बाई, तोच छत्रीवाला म्हातारा, परीक्षेत विषय नदीकाठ आला तर टोपलीवालीच नदीवर नेऊन बसवायची. गणितात पाठांतर करतात म्हणून तुम्ही लोक आम्हाला बोलता.

बाई : बोलते खरी. आणि गुणांबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे हेही कबूल करते. गुण आल्यापासून चित्रकलेच्या सरांचा तास मागायला लोक कचरतात, खेड्यातल्या मुलाच्या पोवाड्याला दहावीच्या गुणपत्रिकेत जागा मिळते, हे मला नाकारवत नाही. पण ज्या क्षणी गुण मिळतात त्या क्षणी क्लास निघतो आणि तोही पैसेवाल्याच्या हातात जातो, हे तुमचं दुखणं आता माझंही झालंय. मला विचाराल तर गुण काढून घेतले तरी चालतील, तास काढून घेऊ नका. वाढीव गुणांनी उपक्रमाला प्रतिष्ठा येते ती उसनी. वेळापत्रकात पक्की जागा मिळाली तर ती त्याची स्वतःची असते. हे मी एकटीच म्हणते असंही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम, सहअभ्यासक्रम आणि अभ्यासेतर अशा पक्क्या भिंती असू नयेत असं म्हटलंय, सहावी ते आठवीच्या काळात कधीतरी १० दिवस दप्तराविना सांगितलेत.

सर : धोरणात पुष्कळ असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातही १०० हून जास्त पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळेला कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाला अंशकालीन निदेशक सांगितलेत. ते निदेशक किती शाळांत आहेत, किती दिवस टिकतात, काय मानधनावर काम करतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. माणूस न देता तास द्यायचा म्हणजे मुलांना मैदानावर मोकळं सोडायचं. मग ते चाळीस मिनिटं धूळ खातात.

इथे सरांचं बोट शाळेकडे नाही, शासनाकडे आहे, आणि ते योग्य जागी आहे. माणूस नेमायची जबाबदारी टाळून शाळेने गावातल्या माणसांवर भागवावं असं म्हणणं मला पटत नाही. पण माणूस नेमला तरी लेझीम गावातल्या पथकाकडूनच शिकावी, मृदंग भजनी मंडळातल्या माणसाकडून, मातीची कुस्ती तालमीतल्या वस्तादाकडून, कारण शारीरिक शिक्षणाच्या पदविकेत ते तितकं शिकवलं जात नाही. राहिला ‘मोकळं सोडण्याचा’ मुद्दा. त्याला सर धूळ खाणं म्हणतात, पण नुसत्या उघड्यावर असण्याचा हिशेबही एकदा झालेला आहे. चीनमधल्या ग्वांगजौ शहरात १२ प्राथमिक शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं प्रयोग झाला. सहा शाळांत रोज ४० मिनिटं जादा, उघड्यावर. सहा शाळांत नेहमीसारखं. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना दूरचं अंधुक दिसण्याचा दोष नव्याने जडला होता, उघड्यावर गेलेल्यांत ३०.४ टक्के. ४० मिनिटं म्हणजे एक तासिका. तेवढ्या उजेडाने शंभरातल्या नऊ मुलांच्या डोळ्यांची राखण झाली. फळ्यावरची त्रिकोणमिती दिसायलाही डोळे लागतात.

आणि मुलींचा प्रश्न तर याहून मोठा आहे. जगभरच्या ११ ते १७ वयाच्या मुला-मुलींची २०१६ पर्यंतची माहिती जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी एकत्र केली तेव्हा दिवसाला ६० मिनिटांची हालचालही ज्यांना मिळत नाही असे मुलगे ७८ टक्के आणि मुली ८५ टक्के निघाल्या. आपल्याकडे या फरकाचं कारण वेगळं शोधायला नको. शाळा सुटली की मुलगा माळावर जातो, चेंडू घेऊन अंधार पडेपर्यंत. मुलगी घरी जाते. पाणी, भाकरी, धाकटं भावंड. बाराव्या-तेराव्या वर्षानंतर तिला मोकळेपणाने पळायला मिळणारी एकच जागा उरते, ती म्हणजे शाळेचं मैदान, आणि एकच वेळ, शाळेची. म्हणूनच ‘उपक्रम शाळा सुटल्यावर घ्या’ हा जो मधला मार्ग सुचवला जातो तो मुलींच्या बाबतीत बंद रस्ता आहे. अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासावर एस.टी.ने येणारी मुलगी साडेपाचची गाडी सोडू शकत नाही. पुढची गाडी असेलच असं नाही, आणि असली तरी तिच्यातून तिला येऊ देणारं घर नसतं. बुधवारची सातवी तासिका गणिताला दिली की मुलाचं खेळणं तासाभराने पुढे जातं. मुलीचं त्या आठवड्यापुरतं संपतं.

सर : हे मी असं पाहिलं नव्हतं. पण एक सांगा, तास एकच आहे. तो तुमच्याकडे गेला की माझा अभ्यासक्रम मागे राहतो. ही वजाबाकी आहे बाई, तिला वळसा नाही.

बाई : वजाबाकी आहेच. उत्तर तुम्हाला वाटतं तेवढं येतं का, एवढंच मला विचारायचंय. १९७० च्या दशकात कॅनडात क्यूबेक प्रांतातल्या त्रवा-रिव्हिएर भागात हे करून पाहिलं. प्राथमिक शाळेतल्या मुलांना रोज एक तास शारीरिक शिक्षण, आणि तो तास अभ्यासाच्या विषयांतून कापून घेतलेला. अनेक वर्षं पाहिलं. मुलं अभ्यासात मागे पडली नाहीत. फार पुढे गेली असंही मी म्हणणार नाही, मघाशीच ते सोडून दिलंय. पण कापलेल्या वेळाइतकं ज्ञान कापलं गेलं नाही. सलग चौथ्या तासिकेला बसलेलं मूल तुमच्या चाळीस मिनिटांतली किती मिनिटं तुमच्याकडे असतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

सर : आणि जास्त झालं तर? सकाळी पोहणं, संध्याकाळी तबला, रविवारी ॲबॅकस. शहरात मुलांची ही दशा आहे. पोरं दमतात.

बाई : दमतात ती थोडी. अमेरिकेत २००६ मध्ये हीच तक्रार महोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. मुलं आठवड्याला सरासरी ५ तासांच्या आसपास उपक्रमांत होती, २० तासांवर जाणारी फारच कमी, आणि जवळपास ४० टक्के कशातच नव्हती. वर्तमानपत्रात चर्चा होते ती तबला आणि ॲबॅकसवाल्या पोरांची. काहीच नसलेल्या पोरांबद्दल कोण लिहितं? आणि ती जी शहरातली दमलेली आहेत ना, ती विकत घेतलेल्या क्लासांनी दमली आहेत. शाळेत, वर्गातल्या सगळ्यांबरोबर, फी न देता जे होतं त्याने नाही. तुम्ही सुरुवातीलाच म्हणालात की क्लास परवडत नाही त्याचं गणित फक्त तुमच्या तासाला होणार. तसंच आहे हे, सर. तबल्याचा क्लास परवडत नाही त्याचा तबला फक्त शाळेत वाजणार. त्याच मुलाच्या नावाने तुम्ही माझा तास मागता.

सरांचं मन पूर्ण वळलं असं मी लिहिणार नाही. दहावीबद्दल ते हटत नाहीत, आणि डिसेंबरनंतरच्या दहावीला सराव परीक्षांच्या धामधुमीत नाटुकली बसवा असा हट्ट बाईंनीही धरू नये. पण पाचवी ते नववीच्या बाबतीत वाद आता तत्त्वाचा उरलेला नाही, वेळापत्रकाचा उरला आहे.

सर : ठीक आहे. नववी ‘ब’चे बुधवारी दोन तास जोडून घ्या, सुट्टीला लागून. सातवी-आठवी नको, तेव्हा एस.टी.च्या मुली अर्ध्यातून दप्तर भरायला लागतात. चौथी-पाचवी घ्या. पाचवी माझी आहे, ती मी सोमवारच्या शेवटच्या तासिकेला घेतो. पण घटक चाचणीच्या आठवड्यात मागितली तर परत द्याल ना?

बाई : नाही देणार. चाचणीच्या आठवड्यात तर नाहीच. आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाला तुमच्या जादा तासाला शुक्रवारी बोलवा, बुधवारी नको. बुधवारी पडदा त्याच्याकडे आहे.